पाया पडताना लागलेला गारवा

संक्रांतीला आमच्या घरी तिळगूळ द्यायला जो येई तो आधी आजीच्या पाया पडे. आजी कोपऱ्यात भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली असायची. हात पायाला लागला की येणारा दचकायचा, "आजी, पाय लई गार पडालेत तुमचे!" आजीचं उत्तर ठरलेलं होतं. "म्हाताऱ्याचे पाय गारच असतात बाबा. गड्डा उठला की होतात नीट." गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा. ती उठली की थंडीही उठते, हा तिचा हिशेब. मग तिळगूळ, मग चहा, आणि पायांचा विषय तिथेच संपायचा.

वर्षातून एकदा का होईना, त्या पायांना डझनभर हात लागत होते. एवढे हात लावून तपासणी कुठल्या दवाखान्यात होते? फक्त हाताला काय लागलं याचा अर्थ आम्ही कुणी लावत नव्हतो. हिवाळाभर ज्यांचे पाय गारच राहतात, रात्री दोन-दोन तास पांघरुणात चोळूनही गरम होत नाहीत, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी घरात सांगितले जाणारे उपाय आणि वैद्यकशास्त्राचं म्हणणं समोरासमोर ठेवून बघितलं तर बरंच काही जुळतं. काही मुळीच जुळत नाही.

सोलापूरला थंडी असते हेच मुळात पुष्कळांना पटत नाही. गावाची कीर्ती उन्हाची. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की आपण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. घरं बांधतो ती उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून, कपडे घेतो तेही तसेच. पण हे शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, उघड्या पठारावर वसलेलं आहे. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि आभाळ स्वच्छ असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आभाळाला देऊन टाकते. दुपारी तीस अंश, पहाटे पंधरा, आणि लाट आली तर दहाच्या आसपास. दुपारच्या उन्हाकडे बघून घातलेला सुती सदरा रात्री नऊला अपुरा पडतो. महाबळेश्वरचा माणूस थंडीची तयारी ठेवतो. आपण कानाला मफलर गुंडाळतो आणि अनवाणी पायांनी स्वयंपाकघरात जातो.

त्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी असते. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातला हा दगड सोलापुरात घरोघरी आला, कारण तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि उन्हाळ्यात पायाला गार लागायचा. हिवाळ्यात तोच गुण अंगावर येतो. एक साधा प्रयोग करून बघा. सकाळी उठल्यावर एक पाय सतरंजीवर ठेवा आणि दुसरा शेजारच्या फरशीवर. सतरंजी कोमट वाटेल, फरशी बर्फासारखी. थर्मामीटर लावला तर दोन्हींचं तापमान जवळजवळ एकच निघेल. फरक आहे तो उष्णता ओढून घेण्याच्या वेगात. दगड तळपायाची ऊब झपाट्याने खेचतो, सतरंजीच्या धाग्यांत अडकलेली हवा ती खेचू देत नाही. जुन्या माळवदाच्या घरांत खाली शेणानं सारवलेली जमीन असायची आणि भिंती हातभर जाड. तिथला हिवाळा पायांना एवढा जाणवत नसे. पुढे फरशी आली, मग चकचकीत टाइल्स आल्या, आणि सतरंज्या मात्र घडी करून कपाटात गेल्या. गार पायांवरचा सर्वांत स्वस्त उपाय कुठला असं कुणी विचारलं तर मी सांगेन, ओट्यापुढे आणि पलंगाखाली एक जाड पायपुसणं टाका आणि घरात घालायची वेगळी चप्पल ठेवा. घरात चप्पल नको, हा आपला नियम बाहेरच्या धुळीसाठी होता. घरातलीच चप्पल असेल तर त्यात मोडण्यासारखं काही नाही.

पण फरशी सगळ्यांनाच सारखी असते आणि पाय मात्र घरातल्या एखाद्याचेच गार पडतात. कारण शरीराच्या कारभारात आहे. मेंदू, हृदय, यकृत यांचं तापमान सदतीस अंशांच्या आसपास टिकवणं हे शरीराचं पहिलं काम. बाहेर गारठा वाढला की त्वचेतल्या, विशेषतः हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त आत, धडाकडे ठेवलं जातं. तळपायात रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या खास वाटा असतात. त्या उघडल्या की पाय तापतात, मिटल्या की गार पडतात. त्यात पाऊल हृदयापासून सर्वांत लांब. त्यात मांस कमी, हाडं आणि स्नायुबंध जास्त, म्हणजे स्वतःची ऊब तयार करायची सोय नाही. पृष्ठभाग मात्र मोठा. थोडक्यात, पाय गार पडणं हा पुष्कळदा बिघाड नसतोच. धड थोडं गारठलं आहे आणि शरीर काटकसर करतं आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

यातून निघणारा उपाय जरा विचित्र वाटेल, पण तो खरा आहे. पाय गार पडत असतील तर आधी अंगात स्वेटर घाला. धड उबदार झालं की मेंदू त्या मिटलेल्या वाटा उघडायला लागतो आणि पाय आतून गरम होतात. नुसते मोजे घातले तर मोजे ऊब तयार करत नाहीत, असलेली धरून ठेवतात. आधीच गार पडलेल्या पायावर मोजा चढवणं म्हणजे रिकाम्या थर्मासला झाकण लावणं. बनियन, त्यावर स्वेटर, आणि मांड्या-पोटऱ्या झाकणारं काहीतरी, कारण पावलापर्यंत पोचणारं रक्त त्याच वाटेनं येतं. साडीतल्या बायकांच्या पोटऱ्या उघड्या राहतात. आत उबदार लेगिंग घालायला हल्लीच्या मुली लाजत नाहीत, त्यांच्या आयांनीही लाजू नये.

बायकांचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. बायकांचे पाय जास्त गार असतात, ही घरोघरची थट्टा आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटी नोंद छापली. त्यांनी मोजलं तेव्हा बायकांच्या शरीराच्या आतलं तापमान पुरुषांपेक्षा किंचित जास्तच भरलं, आणि हात मात्र सुमारे दीड अंश सेल्सिअसने गार. त्यांनी हात मोजले होते, पाय नव्हे, पण कारभार तोच. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणजे पेशींना प्राणवायू कमी, आणि थंडी सोसायची ताकदही कमी. दम लागतो, थकवा येतो, हातपाय गार पडतात. सोलापुरात अशी बाई सहज भेटते. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, मांडी घालून सकाळपासून फरशीवर बसलेली, हजार विड्यांचं गणित डोक्यात. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. घर पक्कं झालं, पण बसणं जमिनीवरचंच राहिलं. तासन्‌तास मुडपलेले पाय, खाली गार जमीन, अंगात रक्त कमी. अशा बाईला "मोजे घाला" एवढंच सांगून भागत नाही. तिला हिमोग्लोबिनची तपासणी हवी, गरजेप्रमाणे लोहाच्या गोळ्या हव्यात. बुडाखाली दुहेरी पोतं हवं, आणि तासातून एकदा उठून टाचा वीसेक वेळा वर-खाली केलेल्या हव्यात. पोटरीचा स्नायू हा रक्त वर ढकलणारा पंप आहे आणि स्नायू हलला की ऊबही तयार होते. गोळ्या चालू असतील तर जेवणाला लागून चहा घेऊ नये, तो लोह अंगी लागू देत नाही. जेवणावर लिंबू पिळलेलं चालतं, उलट बरंच.

स्नायूंच्या उबेचा पुरावा हवा असेल तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उभं राहा. पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते उंच, जड नंदीध्वज तोलत अडुसष्ट लिंगांची वाट चालत असतात. त्यांच्या कपाळावर घाम असतो. कडेला ओट्यावर शाल पांघरून बसलेल्या म्हातारीचे पाय मात्र गार. थंडी दोघांना सारखीच. चालणारा माणूस स्वतःची शेगडी बरोबर घेऊन चालत असतो.

शहराबाहेर पडलं की पायांची वेगळीच कथा सुरू होते. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की ऊस, गहू, कांदा, सगळ्याचं पाणी रात्रीचं. रात्री दोन वाजता बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला गेलेला शेतकरी चार-चार तास घोटाभर चिखलात उभा असतो. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता काढून घेतं. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या असलेल्या सैनिकांचे पाय असेच सुजले, बधिर झाले आणि सडले. त्या दुखण्याला नावच 'ट्रेंच फूट' पडलं. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाय तासन्‌तास ओले राहिले तर दहा-पंधरा अंशांतही ते होऊ शकतं. आपल्याकडे गोष्ट त्या थराला क्वचितच जात असेल, पण पहाटे घरी आल्यावर बोटं पांढरी, बधिर झालेली, मग शेकोटीपाशी त्यांना आग आणि खाज सुटलेली, हे गावाकडे कुणालाही विचारा. गमबूट हा इथला खरा उपाय. तो नसेल तर निदान घरी आल्याबरोबर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करून मगच शेकोटीपाशी बसावं, तेही हातभर लांब. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही.

आता आजीच्या पायांकडे परत येतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथे, हात लावण्यापाशी आहे. "माझे पाय गार पडतात" असं म्हणणाऱ्या चार माणसांच्या पायांना हात लावला तर चार वेगळ्या गोष्टी हाताला लागू शकतात. डॉक्टर बोटांच्या पाठीमागच्या बाजूने तपासतात, कारण तिथे गार-गरम नीट कळतं. आपणही तसंच करावं.

पहिला माणूस म्हणतो पाय गार आहेत, आणि हातालाही ते गार लागतात, दोन्ही सारखेच. पायाचा रंग ठीक, नखं ठीक, चालताना त्रास नाही. हा साधा गार पाय. फरशी, स्वेटर, चालणं, पोटभर जेवण यावर तो सुधारतो. तरी हिवाळा सरल्यावरही गारच राहिला, जोडीला वजन वाढलं, त्वचा कोरडी पडली, बद्धकोष्ठ झालं, भर उन्हाळ्यात पंखा सोसेनासा झाला, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाच्या किंवा धडधडीच्या काही गोळ्यांनी, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, त्यांनीही हातपाय गार पडतात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

दुसऱ्या माणसाच्या, बहुधा तरुण मुलीच्या, पायाची बोटं गार पाणी लागलं की आधी पांढरीफटक, मग निळसर, मग लाल होतात. पॅरिसच्या मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. बहुतेकींना ते निरुपद्रवी असतं. तिशी-चाळिशीनंतर नव्याने सुरू झालं, सांधे दुखू लागले, त्वचा ताठरली किंवा बोटांवर जखमा झाल्या, तर मात्र संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं.

तिसरा माणूस फसवा. तो म्हणतो पाय गार पडलेत, जळजळतात, मुंग्या येतात, आणि हात लावावा तर पाय चांगले कोमट! हे मधुमेहात फार दिसतं. देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असणारच. साखरेने नसा खराब होतात आणि त्या खोट्या बातम्या देऊ लागतात. गार नसताना गार. पुढे पुढे तर खरं गरम असतानाही काहीच कळत नाही. आमच्या शेजारच्या काकूंचं असंच झालं. रात्री पाय गार पडतात म्हणून त्यांनी रबरी पिशवीत उकळतं पाणी भरलं आणि पायाखाली घेऊन झोपल्या. सकाळी टाचेवर पुरीएवढा फोड. रात्रभर भाजत होतं आणि झोप छान लागली होती. तो फोड भरायला होळी उजाडली. मधुमेही माणसाने पाय शेकू नयेत, हे वाक्य प्रत्येक गरम पाण्याच्या पिशवीवर मराठीत छापायला हवं. शेकायची हौस अनावर असेलच तर पाणी आधी कोपराने बघावं, तेही दुसऱ्याच्या. ब-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी अशाच मुंग्या आणि बधिरपणा येतो. शाकाहारी घरांत ते लक्षात ठेवावं, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनीही.

चौथा माणूस माझे मामा. मागावर तीस वर्षं उभे राहिले, खिशात विडीचं बंडल कायम. त्यांची तक्रार एकाच पायाची, डाव्या. दोन हिवाळे "वात आहे" म्हणून तेल चोळणं चाललं. एका दवाखान्यात त्यांना शिरा मोकळ्या करायच्या गोळ्या म्हणून काहीतरी दिलं, पाऊल न बघता, मोजाही न उतरवता. बाजारात जाताना त्यांची पोटरी धरायची. थांबले की सुटायची, चालू लागले की पुन्हा तेवढ्याच अंतरावर धरायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. शेवटी मामीच्याच हाताला ते लागलं. दोन्ही पाय चेपताना म्हणाली, "हा पाय त्या पायाचा वाटत नाही." उजवा कोमट, डावा गार, डाव्या नडगीवरचे केस गेलेले, अंगठ्याचं नख जाड झालेलं. रोहिणी अरुंद झाली होती.

रोहिणी अरुंद झाली आहे का, ही तपासणी काही अवघड नसते. हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून एकमेकांशी ताडतात. घोट्याचा आकडा हाताच्या नऊ दशांशापेक्षा कमी आला तर पायाकडे रक्त कमी पोचतंय असं समजतात. पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या रेषेत, आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का हेही बघतात. मामांचा पाय वाचला. विडी सुटली, हे त्यातलं मोठं औषध. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. विडीतून गेलं, चुन्याबरोबर मळून गेलं, की सकाळच्या मशेरीतून गेलं, रक्तवाहिनीला फरक पडत नाही. मशेरी लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत. त्यांच्या गार पायांच्या चौकशीत हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. तरुण विडीबाजांमध्ये तर एक भयंकर आजार होतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. वय पंचेचाळीसच्या आत, बोट गार, मग काळं, मग कापणं. त्यावर तंबाखू पूर्ण सोडण्याएवढा चालणारा दुसरा उपाय नाही. विडीच्या शहरात राहून हे लिहिताना बरं वाटत नाही, कारण तीच विडी वळून हजारो घरांची चूल पेटते. पण पाय तिच्यामुळेच जातात.

आणि एक पाय अचानक गार, पांढरा आणि प्रचंड दुखरा झाला तर तेल, शेक, सकाळपर्यंत थांबू, असलं काही करायचं नाही. तासांचा प्रश्न असतो. थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

घरगुती उपायांबद्दल माझं मत बरंच अनुकूल आहे, दोन-तीन सोडून. काशाच्या वाटीने तूप किंवा तेल लावून तळपाय घासणं हा आपल्याकडचा जुना प्रकार. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. घासण्याने त्वचा तापते, रक्त येतं, आणि कुणीतरी दहा मिनिटं पाय हातात घेतलेला असतो. कोरड्या हवेत भेगाळलेल्या टाचांना ते तूपही लागतं. तेव्हा वाटी चालू द्यावी. पण तूप काळं झालं म्हणजे अंगातली उष्णता किंवा विष बाहेर आलं, हे खरं नाही. काशात तांबं असतं. ते तुपाशी घासलं की काळं होणारच. वाटी बटाट्यावर घासून बघा, तिथेही होईल.

शेगडीचा उपाय मात्र सांभाळून. दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पलंगाखाली ठेवण्याचा मोह म्हाताऱ्यांना होतो. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यातून माणूस झोपेतच जातो. शेगडी अंगणात. तव्यावर तापवलेल्या मिठाची किंवा ओव्याची पुरचुंडी बरी, ती आपोआप निवते. पायाला संवेदना शाबूत असलेल्यांनी ती जरूर वापरावी. एकाच जागी रोज कडक शेकलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, ते सहजी जात नाहीत.

'उष्ण' पदार्थांचं काय? भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगाचटणी, गूळ, अळिवाचे लाडू. एखादा पदार्थ पाय तापवतो असं सिद्ध झालेलं नाही. पण पोटभर जेवण पचताना शरीर ऊब तयार करतं, आणि या ताटात उष्मांक, प्रथिनं, लोह सगळं आहे. रात्री नुसता चहा-बिस्कीट खाऊन झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे पाय गार पडले तर नवल नाही.

मोठ्यांचं एक म्हणणं मी बरीच वर्षं हसण्यावारी नेलं. "अनवाणी फिरू नको, पायातून सर्दी चढते." सर्दी विषाणूने होते, पायाने नाही, असं मी ऐटीत सांगायचो. मग कार्डिफच्या सर्दीवर काम करणाऱ्या केंद्राने २००५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचला. नव्वद जणांनी दहा अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं पाय बुडवून ठेवले, नव्वद जण रिकाम्या भांड्यात पाय घालून बसले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्यातल्या तेरा जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्यातल्या पाच जणांनी. एका प्रयोगावर निकाल लागत नाही, आणि या लोकांच्या नाकातला विषाणू कुणी तपासला नव्हता. तरी तेव्हापासून माझी ऐट थोडी उतरली आहे.

झोपेबाबत मात्र पुरावा चांगला आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडून ते गरम झाले की झोप लवकर लागते. पाय तापतात, त्यातून शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोपेची तयारी होते. गार पायांनी पडून राहिलेला माणूस कूस बदलत राहतो, त्याचं कारण हे. तेव्हा झोपण्याआधी पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग सोलापुरी टॉवेलने नीट कोरडे करणं आणि सैल मोजे. घट्ट रबराचे मोजे, किंवा तंग बुटात मोज्यांचे दोन जोड, यांनी पाय उलट गार पडतात, कारण ऊब धरणारी हवाच उरत नाही.

पांघरुणाचं गावकीच्या अभिमानाने लिहावं लागेल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, देशभर ती आहेरात जाते. पण ती सुताची. जाड विणीत हवा धरते म्हणून उबदार, आणि ओली झाली की थंडगार. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. खळ घालून ताठ केलेली धनगरी घोंगडी अंगाला टोचते म्हणून आपण ती कीर्तनापुरती ठेवली. गार पायांच्या माणसाने ती पायाकडच्या बाजूला चादरीवरून टाकावी, टोचतही नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांनी आधी खालची वाकळ वाढवावी. वर तीन पांघरुणं आणि खाली एक पातळ सतरंजी असेल तर ऊब फरशीत जाते. चादरीचं टोक पायाखाली दुमडून घ्यायची लहानपणची सवय मोठेपणी का सुटते कळत नाही. दोन पातळ चादरी एका जाडीपेक्षा बऱ्या, मधली हवा फुकट मिळते.

थंड मुलखातले लोक खालूनच सुरुवात करतात. कोरियात घराची जमीनच तापवतात, काश्मिरात फेरणात कांगडी असते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या चीनला गेले त्याच्या उत्तरेकडच्या खेड्यांत विटांचा पोकळ ओटा असतो. चुलीचा धूर त्याच्या पोटातून जातो आणि घरदार त्याच्यावर झोपतं. आपली थंडी दोन महिन्यांची, एवढा खटाटोप कोण करणार? पण वरून झाकायची आपली सवय मात्र खोलवर आहे. पंढरपुरात थंडीच्या दिवसांत पांडुरंगालाही उबदार वस्त्रं आणि कानपट्टी चढते. पाय मात्र मोकळे, कारण सगळ्यांना माथा तिथेच टेकवायचा असतो.

आजी गेली तेव्हा तिच्या गार पायांचं कारण काय होतं हे आम्हाला कळलेलं नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं. या संक्रांतीला पाया पडाल तेव्हा घाई करू नका. बोटांची पाठ दोन्ही पावलांना लावा, दोन्ही सारखे लागतात का बघा, आणि विचारा, "तुम्हाला गार वाटतात का?" हाताला लागलं ते आणि त्यांनी सांगितलं ते जुळलं नाही, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागला, तर गड्डा उठायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. आणि तिथे गेल्यावर मोजे उतरवायला लावा.